कंट्रोलरची पोरगी

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. रात्रीचे पावणेअकरा, बाहेर धो धो पाऊस. दुसरी पाळी संपवून मी घरी आलो, फाटकाची कडी काढली, पायरी चढलो आणि दार उघडलं ते बायकोनं.

झालं. आतून किंकाळी. कारण दार उघडायचा मान मनूचा. मनू आमची लेक, तेव्हा पावणेचार वर्षांची. मी बाहेरून ‘गाडी आली’ म्हणायचं, तिनं आतून ‘कुठली गाडी?’ विचारायचं, मी ‘बाबा गाडी’ म्हणायचं, मग तिनं ‘फलाट एक’ म्हणून कडी काढायची. त्यानंतर माझी उजवी चप्पल आधी सुटली पाहिजे, डावी नंतर. डब्याची पिशवी खुंटीवर. आणि हे सगळं होईस्तोवर घरात कुणी बोलायचं नाही. आजीनं खोकायचंसुद्धा नाही. खोटं वाटेल, पण नाही.

त्या रात्री मी परत फाटकाबाहेर गेलो. पुन्हा कडी, पुन्हा पायरी. ‘गाडी आली.’ रडून रडून तिचा आवाज चिरकलेला, ‘कुठली’च्या पुढं शब्द फुटेना, म्हणून ती फेरी बाद. तिसऱ्या फेरीला जमलं. तोवर समोरच्यांच्या व्हरांड्यातला लाइट लागला होता आणि माझा शर्ट अंगाला चिकटला होता.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक आहे. स्टँडवर चौकशीच्या खिडकीआड बसून जो माणूस माइकवर गाड्या पुकारतो, आल्या-गेल्याच्या नोंदी करतो आणि गाडी उशिरा आली की ज्याला सगळ्यांचं ऐकून घ्यावं लागतं, तो मी. खात्यात आणि गावात दोन्हीकडं ‘कंट्रोलर’. त्यामुळं घरात एक विनोद ठरून गेलेला : बाप स्टँडचा कंट्रोलर, लेक बापाची. हा विनोद मीही वर्षभर लोकांना चहाबरोबर वाढत होतो. पाहुणे हसायचे. मनू हसायची नाही, हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला.

नियम दारापुरते नव्हते. बायको घरी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. मशीनच्या वर रिळांची फळी आहे, तिच्यावरचा क्रम मनूनं लावलेला. रंगानं नाही, कशानं ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. पण एक रीळ इकडचं तिकडं झालं की तिला स्वयंपाकघरातून कळायचं. एकदा एका गिऱ्हाईक बाईंनी मोरपंखी रीळ उचलून साडीशी जुळवायला उजेडात नेलं. मनू धावली, त्यांच्या हातातून रीळ काढून जागेवर ठेवलं आणि त्यांना कमरेला धरून मूळ जागी आणून उभं केलं. बाई कौतुकानं म्हणाल्या, “केवढी पोक्त गं ही!” पोरगा असता तर ‘हट्टी’ म्हणाले असते. मुलींचं असलं वागणं शहाणपणाच्या खात्यात जमा होतं आणि मुलींची अडचण उशिरा लक्षात येते, हे पुढं कळलं.

आणि भाकरी. भाकरी अख्खीच हवी. माझ्या आईची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय : ताटलीत भाकरी पडली की मोडायची, दुधात कुस्करायची आणि पोरापुढं सरकवायची. एका दुपारी तिनं तव्यावरून काढलेली भाकरी मनूसमोर मोडली. मनूनं ते दोन तुकडे घेतले, कडेला कड लावली आणि दाबून धरलं. वाफ निघत होती. बोटं पोळत होती, तरी दाबतच होती. सोडलं की तुकडे वेगळे. पुन्हा दाबलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “जोड.” मी दुसरी भाकरी आणली, अख्खी, टम्म फुगलेली. तिच्याकडं तिनं बघितलंही नाही. “ही जोड.”

हट्टात पोर काहीतरी मागतं, ते मिळालं की थांबतं. इथं मागितलेली वस्तू जगात अस्तित्वातच नव्हती. न मोडलेली तीच भाकरी कुठून आणायची? ती पाऊण तास रडली आणि तशीच ओट्याखाली झोपली. उठल्यावर बोटांना फोड.

आई म्हणाली, “पोरगी हाय का फौजदार?” पण त्या दिवसानंतर तिनं मनूसमोर भाकरी मोडली नाही. तोंडानं बोलायची ते बोलायची, हात मात्र आवरला.

गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, लाड कमी करा, शाळेत घातलं की सुधारेल. माझ्या थोरल्या भावाचं मत याहून सोपं होतं : “डोक्यावर बसवून घेतलीयस. हट्ट एकदा मोडून काढायचा असतो.” दिवाळीत दादा चार दिवस राहायला आला आणि मोडून काढायचा कार्यक्रम सुरू झाला. आमच्याकडं एक वेताची खुर्ची आहे, तिच्यात मी सोडून कुणी बसायचं नाही, हा मनूचा नियम. दादा तिच्यात बसला. मनू म्हणाली, “ऊठ.” दादा पेपर वाचत राहिला. तिनं ओढलं, चावली, जमिनीवर डोकं आपटलं. दादा मला खुणेनं म्हणत होता, बघू नकोस. मी पन्नास मिनिटं न बघण्याचं नाटक केलं. मध्येच माझाच तोल गेला आणि मी तिला पाठीत धपाटा घातला. ती ओकली. मग एकदम गप्प झाली. दादा म्हणाला, “बघ, मोडला की नाही?”

दुसऱ्या दिवशी नियम वाढले. खुर्चीत कुणी बसायचं नाही होतंच. आता खुर्चीला कुणी हात लावायचा नाही, खुर्ची आणि भिंत यांच्यामधून कुणी जायचं नाही, आणि रात्री झोपायच्या आधी मी त्या खुर्चीत बसून दाखवायचं. चपलांचं आतापर्यंत उजवी-डावीवर भागत होतं, आता त्यांची तोंडं भिंतीकडं हवीत. चार दिवसांत सात-आठ नवी कलमं. मोडलेला हट्ट असा वाढत नाही. त्या पाठीत घातलेल्या धपाट्याबद्दल इथं एवढंच लिहितो की तो मी घातला, दादानं नाही.

पहिल्यांदा कुणी नीट बघितलं असेल तर अंगणवाडीच्या ताईंनी. मी आणायला गेलो तेव्हा त्या बाजूला घेऊन म्हणाल्या, “दादा, राग मानू नका. मनू पोरांशी खेळत नाही. पोरांना मांडते.” मी खिडकीतून बघितलं. खिचडीची पंगत होती. मनू एकेकाला खांद्याला धरून बसवत होती, ताटल्या सरळ करत होती. एक पोरगा पाणी प्यायला उठला तर त्याच्यामागं पळत. त्याला परत आणून बसवल्यावरही तिच्या चेहऱ्यावर हायसं नव्हतं. तिची नजर पुढचा कोण उठतोय ते शोधत होती. हा चेहरा माझ्या ओळखीचा होता. यात्रेच्या दिवशी सगळ्या फलाटांवर एकदम गाड्या लागल्या की आमच्या खोलीत आरशात दिसतो, तो.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच देशभर सुरू झाला, हे मला तिथल्या डॉक्टरांनी अभिमानानं सांगितलं. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर, अशा चार गोष्टी ते बघतात, वयाच्या १८ वर्षांपर्यंत, एक पैसा न घेता. डिसेंबरात पथक आलं, ताईंनी मनूला पुढं केलं आणि त्यांनी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे पोरांच्या वाढीतल्या अडचणी लवकर हेरून उपचार करणाऱ्या केंद्राची, चिठ्ठी दिली. तीच चिठ्ठी चुलत्यानं दिली असती तर मी खिशात ठेवून विसरलो असतो.

तिथं आधी कान तपासले. मला नवल वाटलं, हिला तर शेजारच्या गल्लीतली कुल्फीची घंटा ऐकू येते! पण नीट ऐकू न येणारं पोरसुद्धा सांगितलेलं न कळून असंच वागू शकतं, म्हणून आधी तो प्रश्न निकालात काढतात. मग प्रश्नावली. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे ज्याला काहीच नाही त्याचीही बेरीज ४० होते. ७० पासून पुढं स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, धरतात. नजर देते का, हाका मारल्यावर वळते का, तेच तेच शब्द म्हणते का. आणि त्यातच एक मुद्दा : सगळं जसंच्या तसं राहावं असा आग्रह धरते का. तपासणाऱ्या मॅडमनी विचारलं, “किती वेळा?” बायको आणि मी एकमेकांकडं बघितलं. बायको म्हणाली, “मॅडम, कधी नाही ते विचारा.”

बेरीज आली ७४.

रक्त तपासून किंवा मेंदूचा फोटो काढून हे सांगता येत नाही, पोराला बघूनच ठरवायचं असतं. मॅडम म्हणाल्या, “काठावर आहे. स्वमग्नता असू शकते. बोलण्यातला उशीर आणि त्यातून आलेली धास्तीही असू शकते. मी आज शिक्का मारत नाही. आषाढात परत या, तोवर उपचार मात्र सुरू करू, त्याला शिक्का लागत नाही.” मला हे फार पटलं. बायकोला अजिबात नाही. ती परतीच्या गाडीत म्हणाली, काय ते एकदाचं सांगून टाकायचं ना, मी आईला फोनवर काय सांगू?

जाता जाता, त्या ‘स्वमग्न’ शब्दाशी माझं भांडण आहे. स्वतःत मग्न? आमची पोरगी स्वतः सोडून बाकी सगळ्यांत मग्न आहे. कोण कुठं बसलंय, कुणाचा हात कुठं आहे, कोण उठणार आहे. तिला स्वतःकडं बघायला सवड असती तर बोटं पोळलेली कळली असती.

थेरपीच्या ताईंनी पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारला आणि तो मला महिनाभर पुरला. “ती नियम लावते ना, तेव्हा तिच्या तोंडावर काय असतं? मजा की धास्ती?” दोन-तीन वर्षांचं प्रत्येक पोर ‘मीच करणार’ म्हणतं, त्या म्हणाल्या, ते करावंच. पण त्याला त्यात गंमत असते, डोळ्याच्या कोपऱ्यातून ते तुमच्याकडं बघत असतं, आणि समोर दुसरं काही आलं की विसरतं. हिचं तसं आहे का ते बघा. मग त्यांनी मला डोनाल्डची गोष्ट सांगितली. घरी येऊन मी मोबाइलवर रात्री दोनपर्यंत तिच्यामागं लागलो.

डोनाल्ड ट्रिपलेट हा अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या गावचा. १९३८ साली, पाच वर्षांचा असताना, आईबापांनी त्याला बाल्टिमोरला डॉ. लिओ कॅनर यांच्याकडं नेलं. बाप वकील, त्यानं मुलाबद्दल ३३ पानांचं टंकलेखित पत्र आधीच धाडलं होतं. १९४३ मध्ये कॅनरनी ११ मुलांवरचा, स्वमग्नतेबद्दलचा प्रसिद्ध लेख लिहिला, त्यातला पहिला मुलगा हाच. आणि तो काय करायचा? दुपारी झोपून उठला की पलंगावरून उतरण्याआधी आईला सांगायचा : तू मला विचार, तुला खाली उतरायचंय का. आई विचारायची. मग म्हणायचा : आता ‘बरं’ म्हण. आई ‘बरं’ म्हणायची. मग खाली उतरायचा. जेवतानाही आईनं म्हणायची वाक्यं ठरलेली. नाही म्हटली तर तो किंचाळायचा, मानेच्या शिरा ताणून ताणून रडायचा.

गाडी आली. कुठली गाडी. बाबा गाडी. फलाट एक.

मी मोबाइल खाली ठेवला आणि बराच वेळ पंख्याकडं बघत बसलो. ज्या पोरापासून हे निदान सुरू झालं, त्याच्या घरीही दाराशी पहारा होता म्हणायचा. कॅनरनी त्या ओढीला जे शब्द वापरले त्यांचा अर्थ साधारण असा : सगळं होतं तसंच राहावं, यासाठीची काळजीनं पछाडलेली ओढ. लोक ‘ओढ’ लक्षात ठेवतात, ‘काळजी’ गाळतात. मीही गाळली होती. (याच डॉक्टरांनी आईबापांच्या थंडपणावरही बोट ठेवलं होतं आणि पुढं कितीतरी वर्षं आयांनी त्याचा त्रास भोगला. ते चूक होतं हे नंतर ठरलं. मोठी माणसंही बरोबर बघून चूक बोलतात.)

डोनाल्ड पुढं गावातल्या बँकेत नोकरीला होता, गोल्फ खेळायचा, जगभर हिंडला, आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी गेला. हे मी सकाळी आईला सांगितलं. वाटलं तिला बरं वाटेल. तिनं तांदूळ निवडत सगळं ऐकलं आणि विचारलं, “अन् त्याची आई? ती किती वर्सं ‘बरं’ म्हनत हुती?”

माघी एकादशीला आमच्या स्टँडवर पंढरपूरची गर्दी असते. त्या दिवशी एक म्हातारी खिडकीचे गज धरून उभी होती. दर दोन मिनिटांनी, “सायेब, गाडी लागली का?” गाडी वाटेत बंद पडलेली, बदली गाडीचा पत्ता नाही. माझ्या जोडीचा पोरगा वैतागला, “आजी, आली की सांगतो म्हटलं ना! बसा तिकडं.” ती बसली नाही. उलट आता शेजारच्या चार बायकांना म्हणाली, तुम्ही हलू नका, इथंच ऱ्हावा. एकीची पिशवी तिनं स्वतःच्या पायाशी ओढून घेतली.

नोकरीच्या सुरुवातीला मला शिकवणाऱ्या जुन्या कंट्रोलरचं एक सांगणं होतं. गाडी नसली तरी पुकार. ‘अजून आलेली नाही’ हीसुद्धा पुकारच असते. माणूस गाडीवाचून तासभर बसतो, बातमीवाचून दहा मिनिटं बसत नाही. मी माइक घेतला आणि पुकारलं की गाडी बंद पडली आहे, दुसरी निघाली आहे, अजून पाऊण तास लागेल, फलाट तीन. म्हातारीनं गज सोडले. पिशवी ज्याची त्याला दिली. खाली बसून चंची काढली.

तिथंच डोक्यात लख्ख प्रकाश पडला असं लिहायला बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. मी घरी आलो, जेवलो, झोपलो. पंधरा दिवसांनी थेरपीच्या ताई म्हणाल्या की तिला पुढं काय होणार ते चित्रांनी दाखवा, तेव्हा म्हातारीचे ते गज धरलेले हात आठवले. म्हातारी मला काही हुकूम करत नव्हती. तिच्या हातात दुसरं काहीच नव्हतं, म्हणून तिनं गज धरले. मनूनं आम्हाला धरलं होतं.

चित्रांचं वेळापत्रक ही माझी अक्कल नव्हे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात १९७० च्या दशकापासून अशा मुलांसाठी ते वापरतात. मी फक्त त्याला आमच्या स्टँडचं रूप दिलं. प्लायवूडची फळी, वर पिवळ्या रंगानं ‘मनू बसस्थानक’. बायकोनं ब्लाऊजच्या सामानातली वेल्क्रोची पट्टी शिवून दिली. मोबाइलवर फोटो काढले : दात, अंघोळ, अंगणवाडी, आजीची पोथी, बाबाची चप्पल. झेरॉक्सवाल्याकडून रंगीत छापून घेतले. एकेक काम म्हणजे एकेक गाडी, झाली की पट्टीवरून काढून डब्यात टाकायची. पण खरी करामत तीन पाट्यांची : ‘उशिरा’, ‘जादा’ आणि लाल अक्षरात ‘रद्द’. नुसतं वेळापत्रक लावलं असतं तर तो एक नवा नियम झाला असता, आणि एखाद्या दिवशी अंगणवाडीला सुट्टी लागली की आम्ही मेलो असतो. स्टँडवर तीस वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, वेळापत्रक लावणं सोपं, बदल पुकारणं अवघड.

पहिला आठवडा तिनं फळीकडं ढुंकूनही बघितलं नाही. दुसऱ्या आठवड्यात फोटो काढून रिळांसारखे मांडले. मी हताश. मग एका सकाळी पाणी आलं नाही. मी फळीशी जाऊन, स्टँडवरच्या आवाजात, “प्रवाशांना सूचना, अंघोळ गाडी आज उशिरा सुटेल,” म्हणत ‘उशिरा’ची पाटी लावली. मनू येऊन उभी राहिली. पाटीला बोट लावलं. “उशिरा,” म्हणाली. आणि गेली. रडली नाही. मी बायकोला हाक मारायला गेलो तर आवाज फुटेना.

‘रद्द’ तिला कळल्यावर मात्र आमची वाट लागली. केसांना तेल : रद्द. दूध : रद्द. पाहुणे आलेले : रद्द, पाहुण्याच्या शर्टाला पाटी चिकटवायचा प्रयत्न. आई दुपारी पोथी वाचायला बसली तर पोथीवर लाल पाटी. थेरपीच्या ताई हसल्या, म्हणाल्या, अहो, हे चांगलं आहे, आधी ती किंचाळून जे सांगत होती ते आता पाटीनं सांगतेय. पण मर्यादा घाला. मग दिवसाला दोनच रद्द, सकाळी डब्यात ठेवायच्या, संपल्या की संपल्या. ती त्या आता कंजुषासारख्या जपून वापरते.

सगळं फळीनं सुटलं नाही. सरळ सांगितलेलं कुठलंच काम ती करत नाही. ‘बूट घाल’ म्हटलं की बूट भिरकावणार, मग जायचं ठिकाण तिच्या आवडीचं का असेना. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या एलिझाबेथ न्यूसन या बाईंनी १९८० च्या दशकात अशा मुलांचा वेगळा गट मांडला होता, ज्यांना कुठलीही मागणी म्हणजे धोक्याची घंटा वाटते. आजारांच्या अधिकृत याद्यांत त्याला स्वतंत्र जागा मिळालेली नाही, तज्ज्ञांत वाद आहे. मला वादाशी कर्तव्य नाही. मी आता म्हणतो, “बूट कुठं गेले बुवा? मला तर एकच दिसतोय.” ती दुसरा आणून पायात घालून दाखवते. रोज नाही. पाचातून तीनदा.

कुठला नियम पाळायचा आणि कुठला नाही, यावर आमच्या घरात अजून खडाजंगी होते. दादाच्या प्रयोगानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो होतो, जे म्हणेल ते करत होतो. त्यानंही नियम वाढलेच. प्रत्येक वेळी मी पावसात परत फाटकाबाहेर जायचो, तेव्हा तिला हेच कळायचं असणार की न गेलो असतो तर खरंच काहीतरी भयंकर घडलं असतं. आता आमचा ढोबळ हिशेब असा आहे : तिच्या ताटातलं, तिच्या अंगावरचं, तिच्या रिळांचं, तिथं तिचं राज्य. भाकरी अख्खी हवी, मिळेल. बायको तिच्यासाठी तळहाताएवढी थापते. पण दुसऱ्याच्या तोंडाला आणि पायाला दोर बांधणारे नियम हळूहळू सैल करायचे. आजी खोकणार. आजी फोनवर बोलणार. आधी पुकारून, एका मिनिटापासून सुरुवात करून, पण बोलणार. बायकोचं म्हणणं मी यातही ढिला आहे. असेन.

दाराचं आम्ही असं केलं. स्टँडवरून निघताना व्हिडिओ कॉल करून मी पुकारायचो, “बाबा गाडी आज फलाट दोनवर येईल,” आणि चप्पल दाराच्या डावीकडं काढायचो. पहिल्या दिवशी थयथयाट. चौथ्या दिवशी नुसता निषेध. चैत्रात कधीतरी आजीनं दार उघडलं आणि मनू रिळांपाशीच बसून ओरडली, “फलाट दोन!” मी आत आलो. एवढंच. कुणी काही बोललं नाही, उगाच दृष्ट लागायची.

हे सगळं रुळत असताना एका संध्याकाळी आई फळीसमोर उभी होती. म्हणाली, “तुज्या बापाचा पितळी गिलास आठवतोय का?” आठवत होता. वडील नेहमी त्या ग्लासातच चहा पीत, खांबाला टेकून, एकाच जागी. त्या जागेवर कुणी बसलेलं असलं तर काही न बोलता उभे राहत, तो माणूस उठेपर्यंत. आई म्हणाली, “लगीन होऊन आले तवा सासूबाई म्हनल्या, त्येचा गिलास इसळून तितंच उपडा ठेवायचा, इकडं-तिकडं केलास तर दोन दिस जेवायचा न्हाई. चाळीस वर्सं ठेवला.” मग जरा थांबून, “त्येला कुनी फळी केली न्हाई.”

मला स्टँडवरच्या १३२ फेऱ्या वेळेसकट पाठ आहेत. टेबलावरची पेनं कुणी हलवली तर मला दिसतात. मी काही बोललो नाही.

उद्या जिल्ह्याला जायचंय, आषाढातली दुसरी तपासणी. पुन्हा ते ४० मुद्दे. बेरीज चढेल की उतरेल याचा अंदाज बांधायचं मी सोडलंय; बायकोनं सोडलेलं नाही, तिनं काल कागदावर करून बघितली आणि मला दाखवली नाही. मी संध्याकाळी फळीवर उद्याच्या गाड्या लावल्या : एसटी, दवाखाना, वडापाव, घर. थोड्या वेळानं येऊन बघतो तर दवाखान्याच्या फोटोवर लाल पाटी. एक नाही, दोन. उद्याच्या दोन्ही रद्द तिनं आजच काढून तिथं खर्च केल्या होत्या, एकीवर एक, नीट कडेला कड लावून.

म्हणजे नियमानं ती बरोबर आहे. काही गाड्या रद्द होत नाहीत, यासाठी माझ्याकडं पाटीच नाही. आत्ता रात्रीचे साडेअकरा झालेत आणि मी पुठ्ठा कापत बसलोय, वर काय लिहायचं ते सुचत नाहीय. झोपताना तिला एवढं पुकारून ठेवलंय की पहिली गाडी सव्वासहाची, फलाट चार, आणि खिडकीची जागा तिची.